नांदुरा ते जलंब

फौजेतून घरी परतलेल्या माणसाला गावात दोनच गोष्टी विचारतात. बाटली स्वस्तात मिळते का, आणि गोळी कुठं लागली होती का. पहिलीला मी उत्तर देत नाही. दुसरीला 'नाही' म्हटलं की समोरच्याचं तोंड एवढंसं होतं. आमच्या जानेफळच्या टपरीवर एका वर्गमित्रानं तर चहा पिता पिता विचारलं, "मंग एवढी वर्षं काय करून राह्यला होता बे तथी?" मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो. माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो.

काय करत होतो? वाट पाहत होतो. फौजेत माणूस सगळ्यात जास्त तेच करतो. हुकमाची वाट, गाडीची वाट, रजेची वाट. आणि मी तर बायकोची वाट पाहायचो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची, आणि त्या लाजेपायीच पुढचं सगळं झालं.

आमच्या घरात एक वाक्य आहे. ताट वाढलेलं असतं आणि मी दारात कुणाशी तरी बोलत उभा असतो. भाकरी निवत जाते. मग आतून आवाज येतो, "करा नांदुरा, करा!" पाहुण्यांना वाटतं, ही नवऱ्याला माहेरची काही आठवण करून देते. तसं नाही. ती मला माझ्या अकरा मिनिटांची आठवण करून देते.

बायको नांदुऱ्याची. सासरे जिनिंगवर मुकादम होते, दिवसभर कापसाच्या गंज्यांमधून फिरायचे, संध्याकाळी घरी आले की मिशीवर कापसाचा तंतू अडकलेला असायचा. लग्न झालं तेव्हा मी साधा शिपाई. पहिली रजा संपली, तिला आमच्या गावी आईजवळ ठेवून मी वाळवंटातल्या ठाण्यावर परत गेलो. तिथं फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर यायची. मी रोज संध्याकाळी टाकीवर. खाली सोबती बोंबलायचे, "चढ गया मजनू!" चढू द्या ना, तुमच्या बापाचं काय जातं? आज भाजी कशाची केली, नळावर कुणाचं कुणाशी वाजलं, म्हैस आटली का, हे सगळं ती सांगायची आणि मी खाली उतरून सोबत्यांना बातम्या सांगितल्यासारखं सांगायचो. आमच्या म्हशीची सगळ्या पलटणीला काळजी होती.

ती रडणारी बाई नाही. ती गप्प बसणारी आहे. रडलेलं परवडलं हो! रडणाऱ्या माणसाला समजावता तरी येतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती नांदुऱ्याला गेली. माझी रजा मंजूर झाली होती. मी टाकीवरून छातीठोकपणे सांगितलं, "मी येतोच. लेकरू पह्यले माह्या हातात येईन, मंग बाकीच्याइच्या." बाजारातून एक एवढीशी रजई आणली, निळ्या फुलांची. ट्रंक बांधली. आणि निघायच्या दोन दिवस आधी हुकूम आला की सगळी पलटण पूर्वेच्या पहाडात जाणार, रजा बंद.

मुलगी झाली तेव्हा मी पेट्यांवर नंबर रंगवत होतो. मेव्हण्याचा फोन पलटणीच्या ऑफिसात आला. मी रंगाचा ब्रश हातात धरून नाचलो, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, फोन तिला दे. तिनं घेतला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तुमी येणार होते." एवढंच. फोन परत मेव्हण्याकडे. त्यानंतर तीन महिने ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. बाराव्या दिवशी बुद्धवंदना घेऊन पोरीचं नाव ठेवायचं ठरलं होतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझी बहीण नवी साडी नेसून, बाळाचं झबलं-टोपडं घेऊन, जानेफळाहून दोन बस बदलून नांदुऱ्याला गेली. आणि ही बाई अडून बसली. म्हणे, "बापानं येऊन कानात सांगतल्याबिगर माह्या लेकराले नाव नाही." सगळ्यांनी समजावून पाहिलं. माझी आई फोनवर, तिची आई समोर, दोघी मिळून तिच्यावर चिडल्या. एरवी त्या दोघींचं कशावर एकमत होत नाही. बहीण तशीच परत आली आणि वर्षभर माझ्यावर फुगून होती. जसं काही मीच तिला सांगितलं होतं अडून बस म्हणून!

मी सासूबाईंकरवी निरोपावर निरोप धाडले. माफ कर म्हणावं, हात जोडतो म्हणावं. उत्तर आलं, "फोनवर माफी मागू नोका म्हना. समोर या अन् मागा."

तर अशी माझी मुलगी तीन महिन्यांची झाली आणि तिला नाव नव्हतं. नगरपालिकेच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा. घरात सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. मेव्हण्यानं एक फोटो पाठवला होता, त्यात अर्धा चेहरा आणि अर्धी उशी. तो मी इतक्या वेळा पाहिला की त्या उशीवरची फुलंसुद्धा मला पाठ झाली. आणि नाव तर माझ्याजवळ तयार होतं. पहाऱ्यावर उभा असताना ठरवलेलं. कुणालाही सांगितलं नव्हतं, ते तिच्या कानातच पहिल्यांदा जायला हवं होतं. पण कधी? पहाडात गेल्यावर दोन-अडीच वर्षं कुटुंब न्यायची सोय नाही. पहिली रजा केव्हा मिळेल, कोण जाणे. टाकी असेल की नाही तेही माहीत नाही.

मग आमची स्पेशल गाडी कुठून जाणार ते कळलं. सुरत, जळगाव, भुसावळ, नागपूर. मी बोटावर स्टेशनं मोजली. भुसावळ-नागपूरच्या मधे माझी सासुरवाडी आहे!

पण गाडी कधी कुठं पोचेल हे घरी सांगायचं नाही, असा सक्त हुकूम. मी सांगितलं नाही. दोन दिवस दोन रात्री जीभ चावून बसलो. मिलिटरी स्पेशल म्हणजे रेल्वेचं सावत्र लेकरू. प्रत्येक मेल, प्रत्येक मालगाडी आधी जाणार, मग आम्ही. कुठं थांबेल, किती थांबेल, काही भरवसा नाही. आमच्या डब्यात एक सुभेदारसाहेब होते, डोंगराकडचे, निवृत्तीला आलेले. गुडघा सुजल्यामुळे पाय लांब करून बाकावर पडून असायचे. मी सारखा दारात जाऊन उभा राहतो हे त्यांनी पाहिलं आणि बोलावून विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, नावासकट. म्हणजे नाव नाही सांगितलं. नाव नाही हे सांगितलं. ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "भुसावल के बाद फोन कर लेना. उससे पहले नहीं. और रुकेगी कि नहीं, वो तेरी किस्मत."

भुसावळला सकाळी गाडी एका बाजूला लावून ठेवली. दुपारी इंजिन लागलं. चाकं हलली तसा मी फोन लावला. सासऱ्यांनी उचलला.

"मामाजी, आमची गाडी नांदुऱ्यावरून जाऊन राह्यली. थांबते का नाही, मालूम नाही. हिले अन् पोरीले घेऊन स्टेशनावर या. फक्त तिघं या. अन् खायाचं काही आणू नोका, आमचं लंगर हाय गाडीत."

"बरं, बरं," ते म्हणाले. मागून सासूबाईंनी विचारलं, "कोन हाय?" त्यांनी सांगितलं. मग आणखी मागून बायकोचा आवाज, "बरं." तीन महिन्यांत मी ऐकलेला तिचा पहिला शब्द. तोही मला म्हटलेला नव्हता.

माझी पहिली चूक तिथंच झाली. जावई स्टेशनावरून उपाशी जाणार, हे मी कुणाला सांगितलं? ज्या माणसानं आयुष्यात दारावरून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, त्याला! त्यात गाडीही रखडली. मलकापूरला आम्हाला तास-दीड तास बाजूला काढून ठेवलं. तेवढ्या वेळात तिकडं काय शिजत होतं, मला काय माहीत. मी चालत्या गाडीत दाढी केली, हनुवटी कापून घेतली, बूट चमकवले. सोबत्यांनी केसाला तेलसुद्धा लावून दिलं.

चार वाजून गेले होते. बाहेर तुरीची शेतं, लांबवर जिनिंगचं पत्र्याचं छप्पर. गाडीचा वेग कमी झाला. मी दारात. कमी झाला, आणखी कमी झाला, आणि थांबली! नांदुऱ्याच्या फलाटावर थांबली. गार्डनं खाली उतरून सांगितलं, "दस-बारा मिनट."

फलाटावर तिघं नव्हते. सगळी वस्ती होती. बाप्पा बाप्पा! तीस-चाळीस माणसं, त्यांत म्हातारे, बाया, कडेवरची पोरं. गोवऱ्यांच्या आगीवर भाजलेल्या जाड पानग्यांच्या टोपल्या, तुरीच्या वरणानं काठोकाठ भरलेलं हे भलं मोठं गंज, वांग्याच्या भाजीची दोन पातेली, ठेचा, कांदे. शेजारच्या ऑटोवाल्या चाचांनी तीन खेपा करून ते सगळं स्टेशनावर आणलं होतं. "जय भीम, जवाईबापू!" असा एकच गलका झाला.

आणि त्या सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या नळाजवळ, ती उभी होती. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात गोधडीचं गाठोडं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. नळाकडे पाहत होती.

मी उडी मारली. मनात होतं, सरळ तिच्याकडे जायचं. पण आमच्याकडं जावई सासऱ्यासमोर बायकोशी बोलत नाही. आणि स्वतःचं लेकरू चारचौघांत उचलायचं, ते तर नावच नको! तेव्हा तो निर्लज्जपणा होता. म्हणून मी आधी सासऱ्यांना वाकलो, मग सासूबाईंना, मग चुलत सासऱ्यांना, मग मामेसासूला. एका म्हाताऱ्यानं माझा हात घट्ट धरून ठेवला आणि म्हणाला, "वळखा बरं मी कोन?" बाबा रे, मला काय माहीत तू कोण! मी म्हटलं, मामा. तो म्हणाला, "ऊहूं." मी म्हटलं, काका. "ऊहूं." माझी मिनिटं जात होती आणि तो म्हातारा मला कोडी घालत होता. त्याचं आमच्याशी काय नातं होतं ते मला अजूनही माहीत नाही.

इकडं सगळा डबा खाली उतरला होता आणि पानग्यांवर तुटून पडला होता. वर्षानुवर्षं मी त्यांच्यापुढे आमच्या वरण-पानग्याच्या बढाया मारल्या होत्या. आता ते म्हणत होते, "यार, दाल इधर नहीं आयी!" आणि मी काय केलं असेल? मी पळी हातात घेतली आणि वाढायला लागलो. खरं सांगतो, वाढायला लागलो. सासुरवाडीच्या फलाटावर आलेले माझे पाहुणे, त्यांना कुणी विचारलं नाही असं व्हायला नको! चार मिनिटं मी वरण वाढत होतो. बायको नळाजवळ उभी होती.

मग डब्याच्या खिडकीतून सुभेदारसाहेबांचा आवाज आला, "अरे, बिटिया को तो दिखाओ!" त्यांना उतरता येत नव्हतं. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पोरगी एकदा डब्यात गेली की मी मागोमाग चढेन, तिथं सासरे नाहीत, म्हातारा नाही, कुणी नाही. तिथं तिला मनसोक्त घेता येईल. मी एका सोबत्याला म्हटलं, "जा, साहब को दिखा के ला." तो बायकोजवळ गेला, "भाभीजी" म्हणाला, आणि तिनं पोरगी त्याच्या हातात दिली. देताना पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, माझी युक्ती तिला समजली होती.

मी दाराकडे वळलो आणि सासरे आडवे आले. "जवाईबापू, पोरगी झाल्यावर पह्यल्यांदा आले, असं कसं जाऊ देऊ?" त्यांनी पिशवीतून टोपी काढली. मग दुपट्टा काढला. घडी उलगडली, पुन्हा नीट घातली. सासूबाई कुंकवाची डबी शोधायला लागल्या. मी पळी हातात घेऊन, टोपी घालून, मान वाकवून उभा. आणि अकराव्या मिनिटाला इंजिनानं भोंगा दिला.

सगळा डबा धावला. कुणाच्या हातात पानगा, कुणाच्या हातात कांदा. मीही धावलो. तेवढ्यात मागून माझं नाव ऐकू आलं.

नुसतं नाव. 'अवो' नाही, 'ऐकलं का' नाही. लग्नापासून तिनं माझं नाव कधी घेतलं नव्हतं, आमच्याकडं बाया घेत नाहीत. आता सासरे, चुलत सासरे, सगळी वस्ती उभी असताना तिनं घसा फाडून माझं नाव घेतलं. मी वळून पाहिलं. ती धावत येत होती, डोक्यावरचा पदर खाली पडला होता, आणि दोन्ही हात रिकामे होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पोरगी आत आहे.

सोबत्यांनी मला ओढून वर घेतलं. मी माणसांमधून ढकलत सुभेदारसाहेबांच्या बाकापर्यंत पोचलो तोवर फलाट मागे गेला होता. मी साखळीकडे हात नेला. साहेबांनी मनगट धरलं. "खेत में उतरेगा बच्ची को लेके? अकल है?" मग त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही, त्या मी कमावल्या होत्या. पुढच्या डब्यातल्या अफसरसाहेबांना त्यांनी फोन लावला, ते गार्डशी बोलले. गार्ड म्हणाला, जलंबला मेल पुढे काढायची आहे, तिथं गाडी थांबणारच. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. मी सासऱ्यांना फोन लावत राहिलो. सातव्यांदा उचलला. ते रडत होते.

"मामाजी, जलंब! जलंबले थांबते!"

"ते तं गेली," ते म्हणाले.

"कोन गेली?"

"तुमची बायको. चाचाच्या ऑटोत बसून निघून गेली. आमाले कुनाले बसूच नाही देलं."

तेव्हा कुठं मी खाली बसलो आणि सुभेदारसाहेबांनी माझी मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. ती जागी होती. फोटोत दिसलं नव्हतं, तिच्या डाव्या भुवईत एक भोवरा आहे, अगदी माझ्या आईसारखा. दूध, खोबरेल तेल आणि काजळ असा काहीतरी मिसळलेला वास येत होता. मी तिला त्या निळ्या रजईत गुंडाळलं. तिनं माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरलं. मग एकदम तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की लंगरवाला धावत आला. तिला भूक लागली होती. लंगरात दूध होतं, पण तिला आईचंच हवं होतं. अख्खा डबा तिला गप्प करायच्या मागे लागला. कुणी ताटली वाजवली, कुणी शीळ घातली. मी तिला छातीशी धरून डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होतो, आणि खरं सांगू का, घाबरलेला होतो तरी मला आनंद होत होता. एवढा आनंद मला आयुष्यात झालेला नाही. आणि त्या आनंदाची शरमही वाटत होती, कारण मागे रस्त्यावर ऑटोत तिची काय गत असेल ते मला दिसत होतं.

कुणीतरी म्हणालं, "नाम रख दे यार. अभी रख दे. फिर कब मौका मिलेगा?" ताटली वाजवणाऱ्यानं ताटली खाली ठेवली. पोरगीसुद्धा जरा थांबली. सुभेदारसाहेबही माझ्याकडे पाहायला लागले. तिचा कान माझ्या तोंडापाशी होता, नाव जिभेवर आलं होतं. बापानं कानात सांगायचं, एवढीच तर अट होती. पण ती अट घालणारी तिथं नव्हती. मी तोंड मिटलं. म्हटलं, "नहीं. उसकी माँ आएगी, तब."

जलंबला गाडी कडेच्या रुळावर थांबली. लहानसं स्टेशन, फलाटावर एक शेंगावाला आणि दोन शेळ्या. मी पोरीला घेऊन खाली उतरलो. ऑटो नव्हती. मिनिटं जात होती. पोरगी रडून रडून लाल झाली होती. मग ऑटोची फटफट ऐकू आली. चाचांनी ती पार फलाटाच्या तोंडापर्यंत आणली. बायको उतरली. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायात नव्हती.

तिनं पोरगी घेतली, तिचे हात-पाय चाचपून पाहिले, बाकावर जाऊन बसली, गाडीकडे पाठ केली आणि पोरीला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. मी पुढ्यात उभा, गळ्यात दुपट्टा, हातात अजून ती पळी. वर सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. तेवढ्यात आतून साहेबांचा आवाज गरजला, "खिड़की बंद!" आणि एकामागून एक, धाड धाड धाड, आमच्या डब्याच्या सगळ्या खिडक्या खाली पडल्या. चाचा ऑटोजवळ पाठ फिरवून उभे राहिले. जगात आम्ही तिघंच राहिलो.

मी म्हटलं, "चुकलं माह्यं."

"काय चुकलं?"

"येतो म्हनलो, अन् आलो नाही."

"ते तुमच्या हाती होतं का? मले तेवढं समजत नाही का?" तिचा आवाज फुटला. "मंग 'येतोच' असं काऊन सांगतलं? रजा बंद झाली हे मालूम होतं, तरी दोन दिवस मी कळा खात होती अन् दरवाजाकडं पाहून राह्यली होती. माय म्हने, डोळे मिट. मी नाही मिटले. म्हनलं, हे आले अन् मी डोळे मिटून पडली असली तं?"

गोळी नाही लागली मला कधी, पण हे लागलं. ती म्हणाली, "आता 'येतोच' म्हनू नोका. 'जमलं तं येतो' म्हना. तेवढ्यावर राहीन मी."

"बरं," मी म्हटलं.

तिनं पोरीला खांद्यावर घेतलं. मग हळूच, जरा भीतच विचारलं, "गाडीत नाव सांगून टाकलं असन ना तिले?"

"नाही. तू नोहती ना."

तेव्हा ती माझ्याकडे पाहत राहिली. मग सरकून तिनं मला बाकावर जागा करून दिली. मी बसलो, वाकलो आणि पोरीच्या कानात नाव सांगितलं. "मले बी," ती म्हणाली आणि कान पुढे केला. मी तिलाही सांगितलं. ती तोंडातल्या तोंडात दोनदा पुटपुटली, आणि माझ्या पाठीत एक बुक्की घातली. नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत घालतात तशी. चांगली जोरात घातली, तीन महिन्यांचा राग होता त्यात.

मेल धडधडत निघून गेली. मग आमचा भोंगा झाला. मी दारात चढलो. ती गाडीबरोबर चार पावलं चालली, एका चपलेनं लंगडत. रजई पोरीभोवती होती.

"जमलं तं येतो," मी ओरडलो.

तिनं मान हलवली आणि हसली.

या भानगडीपायी मला सात दिवसांची जादा ड्यूटी लागली. ती मी गाणी म्हणत केली. ती पळी पहाडावरच्या लंगरात दोन वर्षं चालली, आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. पहिली रजा दहा महिन्यांनी मिळाली. पोरगी मला पाहून किंचाळली आणि आजीच्या मागे लपली. मी लांबूनच तिचं नाव घेतलं, तशी डोकं बाहेर काढून पाहायला लागली. आता ती सातवीत आहे, आणि तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ते पहिल्यांदा कुठं सांगायचं होतं तिथं सांगून झालं आहे.

तिच्या आईनं माझं नाव त्यानंतर कधीच घेतलं नाही. मी पुष्कळदा मागे लागलो. आता काळ बदलला, सगळ्या बाया घेतात, पोरगीसुद्धा म्हणते, घे ना आई. परवा जेवताना मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, "एकडाव घे ना. त्या दिवशी तं सगळ्या नांदुऱ्याले ऐकू गेलं होतं."

"गाडी सुटली तं घेईन," ती म्हणाली.

मी म्हटलं, "माह्यी गाडी आता कुठी सुटते? आलो ना मी कायमचा."

तिनं माझ्या ताटात त्याच पळीनं वरण वाढलं. "मंग नाही घेत," ती म्हणाली. "तेच बरं हाय."